उलाल

भात कापून झालं की आमच्या मावळाचा वास बदलतो. पावसाळाभर चिखलाचा, शेणाचा, भिजल्या घोंगडीचा वास असतो. कार्तिक लागला की तो विरतो आणि खाचरांतून आंबेमोहराच्या काडाचा कोरडा, गोडसर वास वर येतो. सकाळी धुकं बेडशाच्या लेण्यांपर्यंत चढलेलं असतं. डोंगराचा माथा तेवढा वर राहतो, बाकी सगळं दुधात बुडाल्यासारखं. त्या धुक्यातून बैलगाडीच्या कण्याची, म्हणजे आसाची, करकर ऐकू येते, गाडी मात्र दिसत नाही. पण नुसत्या आवाजावरून मी आजही सांगतो, गाडी भरलेली आहे का रिकामी, आणि भरलेली असेल तर नीट भरलीय का बैलाच्या जिवावर उठलीय. लोकांना सुगी म्हटलं की गाणी आठवतात. मला तो कणा आठवतो.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. मास्तर मला हेकट म्हणाले, मी पाटी उचलली आणि घरी आलो. पाटी अजून आहे. हेकटपणा पण आहे. हे लिहितोय ते त्याच्याच जोरावर. ज्याला ऱ्हस्वदीर्घ बघायचं असेल त्याने दुसरीकडे बघावं.

परवा कामशेतच्या नाक्यावर लोणावळ्याच्या सर्व्हिस मोटारीची वाट बघत उभा होतो. लढाईच्या पायी पेट्रोल मिळत नाही, म्हणून हल्ली मोटारीला मागे कोळशाची भट्टी जोडतात. कोळशाच्या धुरावर मोटार चालते. चालते म्हणायचं, दमेकऱ्यासारखी खोकत येते. तर ती आली. मागे ती भट्टी, रांजणाएवढी. टपावर भाताची पोती, ती पण सगळी मागच्या अंगाला, कारण टपावर चढायची शिडी मागे. हमालाने शिडी चढायची आणि पाठीवरचं पोतं तिथंच टाकायचं, पुढे नेतो कोण? मोटार नाक वर करून उभी होती. धन्याच्या हातातल्या भाकरीकडे कुत्रं बघतं तशी.

मी ड्रायव्हरला विचारलं, "चढाला चाक हलकं लागतंय का रं हातात?"

"लागतंय. मंग?"

"मंग काय? मोटार उलाल झालीया. पोती फुडं घे."

क्लीनर दाराला लटकला होता. तो म्हणाला, "मोटार न्हाई आबा, तुमीच उलाल झाल्यात. बसा गप."

आतली माणसं हसली. मी नाही हसलो. शिव्या मी पुष्कळ ऐकल्यात, दिल्याही आहेत. पण हा शब्द माझ्यासमोर कुणी हसण्यावारी नेलेला मला चालत नाही. का चालत नाही, ते सांगतो.

बैलगाडी दोन चाकांवर तोललेली असते. भार मागे जास्त झाला की दांडी वर उचलते, तिच्याबरोबर जू वर जातं, आणि बैलाच्या गळ्याखालून बांधलेलं जोतं फासासारखं आवळतं. याला आम्ही उलाल म्हणतो. भार पुढे जास्त झाला तर तो बैलाच्या मानेवर बसतो. त्यात आणखी एक खोड अशी, की सपाटीवर नीट तोललेली गाडी चढ लागला की आपोआप उलाल व्हायला बघते आणि उतार लागला की बैलावर येते. गाडी तीच, भार तोच, जमीन बदलली की तोल बदलतो. मावळातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण ठाऊक असणं एक आणि वेळेला मानणं दुसरं. हाच शब्द माणसाला लावला की तो माणूस थाऱ्यावर नाही असा अर्थ होतो. आणि बाईला लावला तर तिचं काय होतं, ते मी आमच्या घरात बघितलं.

ही गोष्ट आधीच्या लढाईच्याही आधीची. तेव्हा मुंबई-पुण्याच्या रस्त्याला एखादी साहेबाची मोटार दिसली तर बैल बुजायचे आणि माणसं गाडी सोडून बघायला पळायची. मी जवान होतो, लग्न व्हायचं होतं. माझा थोरला भाऊ, दादा, बैलासारखा कष्टाळू आणि बैलासारखाच मुका. त्याची बायको सरू, माझी वहिनी, परंदवडीची. वहिनी घरात आली आणि घरात बोलणं आलं. चुलीशी बोलायची, म्हशीशी बोलायची, दादाच्या वाटचंही तीच बोलायची.

आमच्या गावात सुगीच्या शेवटच्या गाडीला लक्ष्मीची गाडी म्हणत. अगदी कडेच्या खाचरातले शेवटचे भारे त्या गाडीतून खळ्यावर यायचे. गाडी जितकी उंच तितकं घर मोठं, म्हणून माणसं भाऱ्यावर भारे चढवीत राहायची. घरातल्या धाकट्या सुनेने शेवटचा भारा मांडीवर घेऊन सगळ्यांत वर बसायचं. सुनेचे पाय बैलाकडे होता कामा नयेत, कारण बैल म्हणजे नंदी, महादेवाचं वाहन. म्हणून तिने गाडीच्या पार शेवटाला, पाय मागे सोडून बसायचं. बैल पावसाळाभर चिखलात राबलेले, त्या दिवशी त्यांच्या मानेवर ओझं नको, म्हणून भारे पण जरा मागेच रचायचे. सगळी भक्ती मागे. मी कुणाच्या भक्तीला नावं ठेवत नाही. पण भक्तीला वजन असतं, एवढं मी शिकलो.

ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी वहिनी अशी वर बसली होती; घरात सून ती एकच, थोरली तीच नि धाकटीही तीच. हिरवं लुगडं, मांडीवर भारा, कपाळभर कुंकू. कासरा दादाच्या हातात. खाचराच्या नि गावाच्या मधे ओढा आहे, पलीकडे खडा चढ. गाडी चढाला लागली, दांडी वर गेली, बैल घुसमटला, आणि वहिनी मागच्या अंगाला खाली आली. भारे तिच्या अंगावर. मांडीचं हाड मोडलं. ठाकरवाडीच्या म्हाताऱ्याने झाडपाला लावून, कामट्या बांधून हाड बसवलं. बसलं, पण वाकडं बसलं. वहिनी लंगडी झाली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहीत नव्हतो. गाव म्हणालं, लक्ष्मी गाडीवरून पडली. मग म्हणालं, लक्ष्मी कशी पडेल, तिनेच या बाईला खाली टाकलं. मग म्हणालं, बाईच उलाल. गाडीचा शब्द गाडीवरून उतरला आणि वहिनीच्या अंगावर चढून बसला.

विहिरीवर बायका म्हणायच्या, "उलाल आली गं, घागरी संबाळा."

वहिनी म्हणायची, "माजी घागर माज्या डोईवर हाय बाई. तुजी जीब कुटं सांडली ती बग."

तिथं असं बोलायची आणि घरी येऊन चुलीत फुंकर घालत बसायची, चूल पेटलेली असली तरी. धुराने डोळे आले म्हणायला बरं पडत असावं.

आई आमची वाईट नव्हती. पण आईला लक्ष्मीचं भय होतं. म्हणायची, "जिचा पाय गाडीवर ठरंना, तिचा घरात काय ठरायचा?" उर्से गावच्या एका घरची मुलगी दादासाठी बघून ठेवली. सुगी उरकली की वहिनीला परंदवडीला पोचवायचं आणि उर्शाची आणायची, असं ठरलं. त्या काळी यात कुणाला काही वाटत नसे. दादाला विचारलं. दादाने जमिनीकडे बघितलं. आईने ते होकारात धरलं.

मी म्हणालो, "चूक गाडीची. वैनीची न्हाई."

आई म्हणाली, "गाडी आज्यापासनं हाय आपल्यात. आजवर कदी कोन पडलं?"

मी म्हणत होतो ते खरं आहे हे पोटात कळत होतं, पण पोटातलं दाखवायचं कसं? त्या वर्षी सुगीभर मी तो चढ नुसता बघत असे. येता जाता ओढ्यात थांबायचो, मागे बघायचो, वर बघायचो. सकाळचं दव दगडांवर, कापल्या भाताचे बुडखे पायाला टोचायचे, खाचराच्या ओलीत वाल टाकायला बायका वाकलेल्या. सगळं दरवर्षीचंच. त्या चढाला काही बोलता येत नव्हतं आणि मलाही.

मधल्या दिवसांत आम्ही डोंगरचं गवत घेऊन लोणावळ्याला जात असू. स्टेशनाच्या वखारीत गवत उतरायचं, तिथून डब्यांत भरून मुंबईला घोड्यांसाठी जायचं. लोणावळा म्हणजे तेव्हा कोळशाचा धूर आणि गार वारा. घाट चढून आलेल्या गाडीला मागून रेटणारं दुसरं इंजन असायचं. ते सुटून उभं राहिलं की उन्हात चाललेल्या पैलवानासारखं निथळायचं. यार्डात इस्माईलभाई नावाचा जमादार होता. माणूस एवढा जाड की दोघांच्या मधून जायचा तर दोघं बाजूला व्हायचे. डबा भरताना तो हमालांवर ओरडायचा, "बीच में भरो! डबा बघून भरा, दार बघून नको! दाराशी टाकलं नि मोकळं झालं, असं न्हाई!"

एक दिवस वखारीच्या चढाला गाड्यांची रांग लागली होती. माझ्या पुढच्या गाडीवाल्याने गवत उतरायला घाईने पुढूनच सुरुवात केली. पुढचं गवत गेलं, मागचं राहिलं, आणि चढावरची ती गाडी बसल्या जागी उलाल झाली. दांडी आभाळाकडे, जोत्यात बैलाची मान, बैल मागच्या पायांवर. आम्ही सगळे मागून गाडी उचलायला धावलो. इस्माईलभाई पुढे धावला. एवढा अवजड माणूस, पण त्याने उडी मारून दांडी धरली आणि तिच्यावर पोट टाकून लोंबकळला. "वजन आगे! वजन आगे!" म्हणत होता आणि पाय हवेत हलवत होता. दांडी हळूहळू खाली आली. बैलाचे पाय जमिनीला लागले. इस्माईलभाई टोपी सावरत उठला आणि म्हणाला, "पोट असं कामाला येतं."

सगळे हसले. मीही हसलो, पण माझं हसणं वेगळं होतं. एक माणूस पुढे आला तर गाडी खाली येते. मग एक बाई मागे बसवली तर गाडी वर का जाणार नाही? परत येताना वाटभर मी एकटाच हसत होतो. बैलांना वाटलं असेल, धन्याला लोणावळ्याची हवा लागली.

घरी आलो, आई रानात गेलेली बघून वहिनीला गोठ्यात बोलावलं. एक बल्ली, लांब लाकडी वासा, मधोमध दगडावर आडवी टाकली. म्हणालो, "वैनी, ह्या टोकाला बस."

"आन् त्या टोकाला, भावजी?"

"मी तितं पोतं ठिवतो."

"मला बाजारात न्यायची हाय का इकायला? आदी सांगा, निदान डोकं इंचरून येते."

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. हसणं हळूहळू तोंडावरून गेलं. मग ती बल्लीच्या टोकावर बसली, दुखरा पाय लांब करून. मी दुसऱ्या टोकाला पोत्यात भात ओतत गेलो, बल्ली समान होईस्तोवर. पोत्याकडे बघून वहिनी म्हणाली, "एवढीच व्हय मी? मला वाटलं व्हतं, घरावर माजा लय भार हाय."

मग आत गेली आणि हिरवं लुगडं घेऊन आली. पडली तेव्हाचं. "ह्येच नेसवा तिला," म्हणाली.

लक्ष्मीच्या गाडीच्या दिवशी उर्शाचे पाहुणे मुद्दाम आले होते. मुलीचा बाप, लांब मिशांचा, डोक्याला नवं पागोटं. पाटील त्याच्या शेजारी. ओढ्याच्या वरच्या अंगाला सगळं गाव जमलेलं. वहिनी कुठेतरी मागे, बायकांच्या पाठीला. त्या वर्षी कासरा मी मागून घेतला होता, आणि दादा कधी नाही म्हणत नसे. भारे मी आदल्या वर्षीसारखेच रचले, तितकेच उंच, तसेच मागे. फक्त जोत्याची गाठ अशी मारली, की ओढ बसली तर ती सुटावी. माझ्या बैलाला मी कुणाच्या डोक्यात उजेड पाडण्यासाठी फास देणार नव्हतो. मग शेवटाला, वर, सुनेच्या जागी पोतं बसवलं आणि त्याला वहिनीचं लुगडं गुंडाळलं. मांडीवर भारा पण दिला. पोत्याला मांडी नसते, पण सोंग पुरं करावं.

ओढ्यापाशी आलो तशी वर एकदम गलका झाला. पाटील ओरडले, "भिवा, ह्ये काय सोंग लावलंस?"

"सोंग न्हाई पाटील. धाकटी सून हाय आमची."

आई कपाळाला हात लावून म्हणाली, "मुडद्या, लक्ष्मीची थट्टा करतूस?"

मी ऐकलं नाही. बैलांना हाळी दिली. गाडी चढाला लागली. पुढचं मला नीट दिसलंच नाही, कारण मी बैलांच्या तोंडाकडे बघत होतो. दांडी माझ्या खांद्याजवळून वर गेली, तेवढं जाणवलं. गाठी सुटल्या, जू मोकळं झालं, बैल दोन पावलं पुढे जाऊन उभे राहिले, आणि मागे गाडीने भुईला पाठ टेकली. हिरवं लुगडं नेसलेलं पोतं भाऱ्यांवरून घसरत थेट ओढ्याच्या काठाला आलं आणि फुटलं. आंबेमोहर चारी अंगाला उडाला. वास सुटला. आदल्या वर्षी वहिनी पडली होती ती हीच जागा.

मग मी वर बघून मोठ्याने म्हणालो, "पोतं उलाल हाय! पोचवा त्याला म्हायेरी!"

कुणीतरी फसकन हसलं. पाटलांनी तिकडे डोळे वटारले. म्हणाले, "पोतं सैल बांदलं व्हतंस."

"आन् वैनी? ती काय बांदून बसवली व्हती?"

आता जास्त जण हसले. पण आई खाली आली. सांडलेल्या भाताकडे बघत होती. ती म्हणाली, "पोतं पडनारच. तिचं लुगडं हाय त्याला."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लोकांच्या माना हलायला लागल्या. बरोबर आहे, लुगडं तिचंच की. मी केलेलं सगळं एका वाक्यात ओढ्यात गेलं. भिंतीशी बोलणं सोपं, निदान ती आपल्या बोलण्याचं दुसरंच काही करीत नाही.

मी हेकट आहे म्हणालो ना, तो हेकटपणा इथं कामाला आला. मी चढ चढून पाटलांसमोर गेलो. म्हणालो, "पाटील, तुमचा फेटा द्या."

"काय?"

"फेटा. गावात ह्याच्यावानी थाऱ्यावरचं कायच न्हाई. दुसरं पोतं आनतो, गाडी हीच, भारं हेच, चढ ह्योच. पोत्याला तुमचा फेटा बांदतो. न्हाई पडलं तर वैनीला मी सवता परंदवडीला पोचवतो, आन् तुमच्या पायावर डोकं ठिवतो."

पाटलांचा हात डोक्याकडे गेला. मी बघत होतो, गाव बघत होतं, उर्शाचे पाहुणे बघत होते. हात फेट्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. फेटा नीट बसलाय की नाही एवढं चाचपून हात खाली आला.

"पोराटकीच्या नादाला लागत न्हाई मी," पाटील म्हणाले.

पण झालं होतं ते झालं होतं. फेटा पडणार हे पाटलांना माहीत होतं आणि आता ते सगळ्यांना माहीत झालं. माझ्या तोंडाने जे सुगीभर कुणाला पटलं नाही ते त्या थांबलेल्या हाताने पटवलं. मिशीवाल्या पाहुण्याने आपलं नवं पागोटं उगीच जरा खाली दाबलं.

तेवढ्यात बायकांच्या मागून वहिनी आली. लंगडत, पण घाई न करता. ओढ्यात उतरली, सांडलेल्या भातावर पाय पडू नये म्हणून कडेने. आणि तिच्या मागे दादा उतरला. दादाने मागे टेकलेली गाडी उठवायला खांदा लावला. मी धावलो, आणखी चार जण आले. गाडी उभी झाली. या वेळी भारे मी चाकांवर रचले, थोडे पुढे. उंची निम्म्यावर आली, रुंदी वाढली. वरून कुणी म्हणालं, "बसकी म्हस दिसती." दिसू दे. दादाने जोती बांधली, पक्क्या गाठी. मग गाडी मागे सरू नये म्हणून चाकामागे उटीचा दगड लावला आणि वहिनीकडे बघून, गावादेखत, आयुष्यात पहिल्यांदा बोलला.

"बस," म्हणाला.

वहिनी मागे गेली नाही. ती पुढे आली, गाडीवानाच्या जागी चढली, दुखरा पाय एका बाजूने आणि चांगला दुसऱ्या बाजूने दांडीवर सोडला. दोन्ही पाय थेट बैलांच्या पाठीकडे.

आई ओरडली, "अगं, पाय! नंदीकडं पाय करतीस?"

वहिनी म्हणाली, "आत्या, नंदीला माजं पाय चालत्यात. गळ्याला फास चालत न्हाई." आणि माझ्याकडे हात केला. "भावजी, कासरा."

मी कासरा दिला. दादाने उटी काढली. गाडी चढाला लागली, कणा करकरला, दांडी जरा हलली आणि बैलांच्या मानेवर राहिली. बैलांनी माना खाली घातल्या, खूर रोवले, आणि गाडी वर आली. खळ्यापर्यंत वहिनीने वळून बघितलं नाही. दादा चाकाबरोबर चालत होता, हातात उटीचा दगड, उगीच, सपाटीवरसुद्धा. उर्शाचे पाहुणे जेवायला थांबले नाहीत. आईने सांडलेला भात एकटीने दाणा न् दाणा वेचला, आणि त्याचाच भात दुसऱ्या दिवशी घरात शिजला. वहिनीला पहिलं वाढलं. तोंडाने काही बोलली नाही, पण आमच्या घरात तोंडाने बोलायची चाल नव्हतीच.

विहिरीवर तो शब्द पुढेही निघायचा. लोक काय एका गाडीने शहाणे होतात? पुढच्या सुगीला निम्म्या गावाने गाड्या उंचच भरल्या, सुना मागेच बसवल्या. पण काही घरांत सून पुढे बसली. का ते कुणी विचारलं तर म्हणत, "आमच्यात तशी चाल हाय." चाल म्हणे! ती चाल मी सुरू झालेली बघितली आहे, एका लंगड्या पायाने.

माझा एक विचार झाला आहे, तो सांगतो आणि मोटारीकडे जातो. मानेवर भार म्हटलं की माणसाला अपमान वाटतो. बैलाच्या मानेवर जरा तरी भार पाहिजे. तो असला की पाय भुईला राहतात, गाडी ऐकते. मान अगदी मोकळी केलीत तर फास दूर नाही. या मोटारींचंही तेच. पुढची चाकं हलकी झाली की वळणाला ती ऐकायची नाहीत, ड्रायव्हर कितीही हुशार असो. मी मोटार चालवलेली नाही. चालवायची गरज पण नाही.

तर मी मोटारीच्या पुढे उभा राहिलो. हललो नाही. क्लीनर म्हणाला, "आबा, बाजूला व्हा." मी म्हणालो, "पोती फुडं घे." माणसं आतून ओरडत होती, कुणी मला वेडा म्हणत होतं, कुणाला लोणावळ्याला कोर्टाची तारीख होती. कोळशाची भट्टी माझ्यासारखीच धुमसत होती. शेवटी ड्रायव्हर खाली उतरला. मोटारीच्या पुढच्या चाकांकडे एकदा बघितलं, भट्टीकडे एकदा बघितलं. मग क्लीनरला म्हणाला, "घे रं फुडं. म्हातारा मरंल, पन हलायचा न्हाई." पोती पुढे सरकली. मोटारीचं नाक खाली आलं.

तेव्हा मी मागे वळून हाक मारली. "वैनी, चल."

ती दगडावर बसली होती. केस पांढरे झालेत, पाय तसाच, डोळ्यांना आता कमी दिसतं म्हणून लोणावळ्याच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. मागच्या दाराकडे क्लीनरने बोट केलं. ती तिकडे गेलीच नाही. ड्रायव्हरशेजारी चढून बसली, दुखरा पाय वाकत नाही म्हणून लांब करून समोरच्या फळीला टेकवला. फळीवर गणपतीची तसबीर होती, झेंडूचा हार घातलेली.

ड्रायव्हर म्हणाला, "आजी, पाय जरा खाली. देव हाय म्होरं."

वहिनी म्हणाली, "आसू दे. देवाला माज्या पायाची सवय हाय. तू हाक."